लाल पेटी कोण बघतं?

हॅनोव्हरच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी एकदा उकडीचे नऊ मोदक नापास केले होते. हे ऐकीव नाही, माझ्यासमोर घडलेलं आहे. हॉलच्या स्वयंपाकघरात बायका मोदक उकडून ताटात लावत होत्या आणि हा सत्तरीचा माणूस, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर खोचून, एकेक मोदक उजेडात धरून बघत होता. चिरा गेलेले नऊ बाजूला काढले. स्वतःच्या लाल डब्यात ठेवले, झाकण लावलं आणि डबा काखेत मारून कोपऱ्यात जाऊन बसले. बायका चिडल्या. "नैवेद्याला मापं लावणारे हे कोण टिकोजीराव?" असं एकीने त्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलंसुद्धा. अर्ध्या तासाने ते परत आले तेव्हा डबा रिकामा होता. नऊच्या नऊ मोदक त्यांनी स्वतः खाल्ले होते. "पिठाचा दोष न्हाई, उकडीला पाणी जास्त झालंय," त्यांनी जाहीर केलं. "पुढच्या खेपेला वाटीमागं दोन चमचे कमी घाला." पुढच्या वर्षी बायकांनी त्यांचं नाव न काढता तसं केलं आणि एकही मोदक फुटला नाही.

मंडळात त्यांना पाठीमागे 'मायक्रोमीटर' म्हणत. मी काका म्हणायची, कारण मी त्यांची भाडेकरू होते. नाशिकहून इथे शिकायला आले, शिक्षण संपलं, नोकरी लागली आणि राहायला जागा मिळेना, तेव्हा कुणीतरी त्यांच्या वरच्या खोलीबद्दल सांगितलं. "खोली छान आहे, पण म्हातारा विक्षिप्त आहे," असंही सांगितलं. जर्मनीत खोली ताब्यात देताना घरमालक आणि भाडेकरू मिळून भिंतीवरचे डाग, फरशीवरचे चरे लिहून ठेवतात. साधारण एका पानात हे काम आटोपतं. काकांनी अकरा पानं भरली. खिडकीच्या काचेवरचा ओरखडा चौदा मिलिमीटर. दाराला नखभर गंज, कोणत्या बिजागरीला, वरून कितवी. मी दोन तास त्यांच्यामागे बॅटरी धरून उभी होते. शेवटी काकू खालून ओरडल्या, "अहो, पोरीला पाणी तरी द्या, मग मोजा तिलापण!"

घरात जिथे तिथे चिठ्ठ्या लटकत असत. कारखान्यात वापरायच्या तसल्या, जाड पुठ्ठ्याच्या, भोकातून तार ओवलेल्या. किटलीला चिठ्ठी: तोटीतून ठिबकते, वॉशर बदलणे. छत्रीला चिठ्ठी: एक काडी वाकडी, पावसात चालेल, वाऱ्यात नाही. काकूंच्या भाकरीला तेवढी चिठ्ठी नसे, पण जेवताना खिशातून व्हर्नियर निघे आणि भाकरीच्या कडेला लागे. "गेनाऊ!" असं समाधानाने म्हणून मगच ते तुकडा मोडत. जर्मन भाषेतला हा 'अगदी बरोबर' त्यांच्या तोंडात इतका बसला होता की देवाची आरती संपली तरी ते गेनाऊ म्हणत.

आयुष्यभर त्यांनी व्हॉल्व्हच्या एका कारखान्यात तपासनिसाचं काम केलं. सांगलीहून डिप्लोमा घेऊन विशीत इथे आले ते इथेच निवृत्त झाले. त्यांच्या खात्यात प्रत्येक यंत्राशेजारी एक कुलूपबंद लाल पेटी असे. मापात न बसलेला नग त्या पेटीत पडे. पण पेटीत पडला म्हणजे भंगारात गेला असं नव्हतं. तपासनिसाने पेटी उघडायची, एकेक नग हातात घ्यायचा, तो का नापास झाला ते चिठ्ठीवर लिहायचं आणि खाली सही करायची. सही नसेल तर नग फेकायचा नाही. किल्ली काकांच्या कमरेला असे. निवृत्तीच्या दिवशी ती परत करताना रडू आलं, असं काकूंनी मला सांगितलं, आणि काकांनी ते साफ नाकारलं.

त्या पेटीची एक गोष्ट ते वारंवार सांगत. ते स्वतः नवे असताना एका यंत्रावरचे नग एकाएकी धडाधड नापास व्हायला लागले. यंत्रावर एक नवखा तुर्की कामगार होता, त्याला घालवायचं ठरलं. काकांनी पेटी उघडली, सगळे नग काढले आणि दुसऱ्या खात्यातून मापाचं नवं गेज मागवून त्यावर तपासले. नग सगळे बरोबर निघाले. झिजलं होतं ते जुनं गेज. तो कामगार पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच यंत्रावर राहिला. "नग नापास झाला की दोनच शक्यता," काका दोन बोटं वर करून सांगत. "एक तर नग चुकला, न्हाईतर गेज. पण लोक पहिल्यांदा नगालाच धरतात, कारण त्याला बोलता येत न्हाई."

ही गोष्ट मी किमान दहा वेळा ऐकली असेन. दहाही वेळा मान डोलावली.

आजाराची बातमी डॉक्टरांच्या आधी त्यांच्या व्हर्नियरनेच दिली. एके सकाळी त्याचा बारीक स्क्रू अंगठ्याने फिरवता येईना. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं. काकांनी वही घातली. शर्टाची बटणं लावायला किती सेकंद, चहाचा कप उचलताना हात किती वेळ थरथरतो, पूर्ण पानभर वाचताना कितव्या ओळीला जीभ जड होते. सहा महिन्यांची वही घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी वही वाचली, तपासण्या केल्या आणि स्नायूंच्या एका आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. आधी हात जातील, मग पाय, मग बोलणं, मग गिळणं. परत येताना ट्राममध्ये काका काकूंना म्हणाले, "आल्झो, चला, क्रम तरी कळला."

हात जायला फार वेळ लागला नाही. मग घरात खरी अडचण दिसायला लागली, आणि ती अगदी साधी होती. हिवाळ्यात इथे चार वाजता अंधार पडतो. काकू औषधं आणायला बाहेर गेल्या आणि रांगेत उशीर झाला की काका खुर्चीत तसेच अंधारात बसून राहत. दिव्याचं बटण चार पावलांवर, पण ते कुणी दाबायचं? एकदा मी कामावरून लवकर आले तर खालची खोली काळोखी, मला वाटलं घरात कुणी नाही. दिवा लावला आणि दचकले. काका खिडकीकडे तोंड करून बसले होते, नाकातून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात वर जात नव्हता. "किती वेळ झाला, काका?" मी विचारलं. "एक तास दहा मिनिटं," ते म्हणाले. घड्याळ समोरच होतं.

काकांची मुलगी बर्लिनला. ती फोनवर जर्मनमधून बोलते, तिला मराठी कळतं पण जिभेवर येत नाही. काका मराठीतून बोलायचे, ती जर्मनमधून उत्तर द्यायची, इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं. आता बापाची जीभ जड झाल्यावर फोनवर तिला ना मराठी समजे ना जर्मन. ती जर्मनमधलं हो हो, "या, या, पापा," म्हणत राही. ती समजल्याचं नाटक करते हे काकांना कळत होतं, आणि मग ते फोन काकूंकडे द्यायला सांगत.

माझी नोकरी नेमकी ह्याच कामाची होती. आमची कंपनी लहान, सरकारी अनुदानावर चालणारी. बोलून दिवा लावायचा, दार उघडायचं, फोन लावायचा, असं घरगुती यंत्र आम्ही बनवत होतो, आणि ते अपंग लोकांना वापरता यावं म्हणून त्याला तऱ्हेतऱ्हेच्या लोकांचं बोलणं शिकवत होतो. ऑफिसच्या दारातच मोठं पोस्टर होतं: चाकाच्या खुर्चीत हसणारी एक बाई आणि खाली 'सगळ्यांसाठी'. काका अजून चालू शकत होते तेव्हा मी त्यांना एकदा ऑफिस दाखवायला नेलं. ते पोस्टरपुढे इतका वेळ थांबले की मला अभिमान वाटला. मग म्हणाले, "ही बाई रोज ह्या खुर्चीत बसत न्हाई. ही हॉस्पिटलातली ढकलायची खुर्ची हाय. बसणाऱ्यानं स्वतः चाक फिरवायला हिला बाहेरचं कडंच न्हाई. कुणालातरी भाड्यानं बसवलंय." आमच्या प्रमुख बाईंना मी हे जर्मनमध्ये सांगितलं. त्या मनापासून हसल्या, "ग्रेट फीडबॅक" म्हणाल्या. पोस्टर आजही तिथेच आहे.

काकांना मी आमच्या कामात घेतलं. म्हणजे कल्पना माझी, पण अट त्यांची. "मला भाषण द्यायला यंत्र नको. अंधार पडला की दिवा लागला पाहिजे, आणि ही दुसऱ्या खोलीत असली तर हिला हाक गेली पाहिजे. एवढं होतंय काय?" मी म्हटलं, होतंय. त्यासाठी त्यांनी वाक्यं बोलून रेकॉर्ड करायची, आत्ताची, पुढच्या महिन्यातली, त्याच्या पुढची. जीभ जसजशी जड होत जाईल तसतसं यंत्र ते जड बोलणं शिकत जाईल. शेवटी माणसांना कळेनासं झालं तरी यंत्राला कळेल. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा काकू देवापुढे साखर ठेवायला उठल्या.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता बसायचं ठरलं. पहिल्या मंगळवारी मी माइक लावला, पडद्यावर वाक्य आणलं, आणि काका वाचायच्या ऐवजी माझ्याकडे बघत राहिले.

"आल्झो, एक सांग. ह्यात नापास माल कुठं जातो?"

"म्हणजे?"

"मी चाळीस वाक्यं बोलणार. काही खराब निघणार. ती कुठं पडतात? तुमची लाल पेटी कुठं हाय?"

मी हसले. "ते आपोआप होतं, काका. खराब रेकॉर्डिंग यंत्र स्वतःच बाजूला काढतं. तीन महिने ठेवतं आणि मग पुसून टाकतं. डाटनशुट्झ, लोकांच्या खासगी माहितीचा नियम आहे तो."

"आणि बघतं कोण?"

"कुणाला बघायला लागत नाही."

"कुणीच न्हाई?"

"आपोआप होतं म्हटलं ना."

"मग पेटी म्हणू नको त्याला. गटार झालं ते."

ती बाजूला काढणारी चाळणी मीच लिहिली होती, आणि मला तिचा मोठा तोरा होता. लोक घरबसल्या वाक्यं पाठवत, त्यात कुणाच्या मागे टीव्ही, कुणाचं कुत्रं भुंकतंय, कुणी नुसतंच खोकलंय. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी नियम घातला: जे बोलणं आमच्या यंत्राला बऱ्यापैकी कळतं ते ठेवायचं, जे अजिबात कळत नाही तो गोंगाट समजायचा. प्रमुख बाईंनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. त्यामुळे काकांचं 'गटार' मला जरा लागलं. कारखान्यातला म्हातारा माणूस, त्याला काय कळणार ह्यातलं, असं मनात आलं. आलं होतं, आता नाकारून काय उपयोग.

तेव्हापासून दर मंगळवारी पाच वाजता आम्ही बसलो. 'स्वयंपाकघरातला दिवा लाव.' 'पडदा बंद कर.' 'बायकोला हाक मार.' सगळी वाक्यं जर्मन, आणि काकांची जर्मन स्वच्छ, सांगलीच्या ठसक्याची. प्रत्येक वाक्यानंतर ते विचारत, "पास?" पडद्यावर हिरवी खूण उमटली की मी म्हणे, "पास." मग ते पुढचं वाक्य घेत. मी "पास" म्हटल्याशिवाय ते पुढे जात नसत. एकदा मला फोन आला आणि मी उत्तर द्यायला विसरले, तर तेवढा वेळ ते तोंड किंचित उघडं ठेवून थांबले होते.

पहिले काही महिने हसतखेळत गेले. मग वाक्यांची टोकं तुटायला लागली. मग मधले शब्द एकमेकांत मिसळायला लागले. दुसऱ्या हिवाळ्यात एका वाक्याला एक मिनिट लागे. काकू शेजारी टॉवेल घेऊन बसत, लाळ पुसत. मध्येच ठसका लागे, चेहरा लालबुंद होई, काकू पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, "अहो, आज दहाच करा. पुरे झालं." ते मान हलवत. चाळीस म्हणजे चाळीस. 'पडदा बंद कर' एवढ्याशा वाक्यावर मी त्यांना घामाघूम झालेलं पाहिलं आहे. आणि मग त्या घामातून, नुसत्या स्वरातून, प्रश्न येई: "आ...?" म्हणजे पास?

"पास, काका."

मला कळत असे. हे मी सांगितलंच पाहिजे. त्यांचं एकूण एक वाक्य मला समजत असे, कारण मी समोर बसलेली असे आणि त्यांच्याकडे बघत असे.

दीड वर्षाने आमच्याकडे यंत्राला प्रत्यक्ष शिकवायची पाळी आली. तोवर कुणी रेकॉर्डिंग उघडून बघितली नव्हती. किती आली एवढाच आकडा भिंतीवरच्या पडद्यावर वाढताना सगळे बघत होतो. मी काकांचं खातं उघडलं. पहिल्या काही महिन्यांची वाक्यं होती. पुढचं काही नव्हतं. मला वाटलं दुसरीकडे ठेवलं असेल. सगळीकडे शोधलं. मग मी माझीच चाळणी उघडून वाचली.

जे यंत्राला कळत नाही तो गोंगाट. काकांची जीभ जड झाल्यावर त्यांचं बोलणं यंत्राला कळेनासं झालं. ते कळावं म्हणूनच तर आम्ही बसत होतो. चाळणीने स्वच्छ बोलणं ठेवलं, जे यंत्राला मुळातच येत होतं, आणि जड बोलणं काढून टाकलं. तीन महिन्यांनी ते पुसलं गेलं. शेवटचे तीन महिने तरी शिल्लक असतील म्हणून धावत बघितलं, पण तोवर काकांचं बोलणं बंदच झालं होतं, आमचं मंगळवारचं बसणं थांबून चार महिने झाले होते. आणि ती हिरवी खूण? ती फक्त रेकॉर्डिंग पोचल्याची होती. स्वीकारल्याची नव्हती. हेही मीच ठरवलेलं होतं, लोकांना हुरूप यावा म्हणून.

डाटनशुट्झ बघणारे गृहस्थ सज्जन आहेत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि खात्री दिली की पुसलेलं काहीही, कुठूनही, कधीही परत आणता येणार नाही. त्यांना वाटलं मी कुणाच्या तक्रारीला घाबरले आहे. प्रमुख बाई म्हणाल्या, "शाडे. वाईट झालं." मग जरा विचार करून म्हणाल्या, "पण एकाच माणसाचं आहे ना? एकूण निकालावर फरक पडणार नाही." त्या वाईट बाई नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला लवकर घरी जायला सांगितलं.

घरी म्हणजे कुठे? काकांच्याच डोक्यावरच्या खोलीत.

मी दोन आठवडे सांगितलं नाही. उलट यंत्र घेऊन गेले. पहिल्या महिन्यांच्या वाक्यांवर काहीतरी जमेल, निदान दिवा तरी लागेल, अशी वेडी आशा होती. आशा कसली, भ्याडपणा होता. मंगळवार होता. मी आधी कळवलं होतं म्हणून काकूंनी काकांना इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात व्हर्नियर खोचला होता. तोवर हात, पाय, मान सगळं थांबलं होतं. डोळे हलत, आणि डावी भुवई. भुवई वर म्हणजे हो. काकूंनी जुन्या कॅलेंडरच्या मागे मुळाक्षरांचा तक्ता काढला होता. त्यावरून त्या बोट फिरवत आणि भुवई वर झाली की थांबत. तक्त्याचे चौकोन दोनदा नापास झाले होते, तिसऱ्यांदा काकूंनी पट्टी लावून आखले.

मी यंत्र टेबलावर ठेवलं, दिव्याशी जोडलं. डब्याएवढं यंत्र. काकांनी श्वास गोळा केला. जर्मनमध्ये 'दिवा लाव' एवढेच दोन शब्द. "ई... आ..." असा आवाज निघाला. मला कळलं, काकूंना कळलं.

"दास हाबे इश लायडर निष्ट फेरश्टांडन," यंत्र गोड आवाजात म्हणालं. माफ करा, मला समजलं नाही.

काकांनी परत श्वास गोळा केला. यंत्राने परत माफी मागितली. तिसऱ्यांदा आवाजच पुरता निघाला नाही, आणि यंत्राने त्याचीही माफी मागितली. मग काकू उठल्या. "राहू दे, मी लावते," म्हणाल्या, आणि चार पावलं चालून बटण दाबलं.

काकांचे डोळे तक्त्याकडे गेले. काकू बोट फिरवायला लागल्या. "ला... ल... पे... टी. लाल पेटी? अहो, कसली लाल पेटी आता? कारखाना सुटून किती वर्षं झाली." काकूंना वाटलं, काकांना भ्रम झाला. मला कळलं होतं. मी त्यांच्या खुर्चीशेजारी खालीच बसले. मग सगळं सांगितलं. चाळणी, तीन महिने, हिरवी खूण.

काकूंना नीट उमजायला वेळ लागला. "म्हणजे ते मागच्या हिवाळ्यातलं? ठसका लागून लागून बोलले ते?"

"हो, काकू."

"ते पण न्हाई?"

"ते तर नाहीच."

"अगं, पण तू दर वेळी पास म्हणत होतीस की."

काका माझ्याकडे बघत होते. ते रागावले असते तर मला सोसलं असतं. त्यांची नजर तपासनिसाची होती. डोळे पुन्हा तक्त्याकडे वळले. काकूंनी बोट फिरवलं. "चि... ठ्ठी."

कपाटातल्या खणातून काकूंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला. त्या कारखान्यातल्याच, छापील रकान्यांच्या: नग, संख्या, कारण, सही. मी त्यांच्या पायाशी बसून भरायला घेतली. नग: वाक्यं. संख्या लिहिताना हात थांबला, पण लिहिली. कारण ह्या रकान्यात लिहिलं, यंत्राला समजलं नाही. त्यांना वाचून दाखवलं. भुवई हलली नाही. मी ते खोडून लिहिलं, चाळणी चुकीची होती. भुवई हलली नाही. खोलीत काकूंच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. मी तेही खोडलं. रकान्यात जागा उरली नव्हती, म्हणून कडेला बारीक अक्षरात लिहिलं: मी बघितलं नाही.

भुवई वर झाली.

सहीचा रकाना राहिला होता. काकूंनी त्यांच्या बोटांत पेन अडकवायचा प्रयत्न केला. ते घरंगळून खाली पडलं. पुन्हा अडकवलं, पुन्हा पडलं. "मी करू का तुमच्या नावानं?" त्यांनी विचारलं. भुवई हलली नाही. "मग हिला करू दे?" तरी हलली नाही. काकूंनी पेन झाकण लावून परत खणात ठेवलं. मी खोलीवर गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले.

त्यानंतर काका सात आठवडे होते. त्या दिवसांत काकू औषधं आणायला जायच्या तर भर दुपारी दोन वाजता, उन्हातसुद्धा, दिवा लावून जायच्या. मी ऑफिसात विनंती केली की निदान आठवड्यातून एकदा कुणीतरी माणसाने नापास रेकॉर्डिंग ऐकावीत. सूचना चांगली आहे असं ठरलं आणि वेळ मिळेल तेव्हा करू असंही ठरलं. चाळणी चालू आहे. भिंतीवरचा आकडा वाढतो आहे. कुठल्या तरी गावात आत्ता कुणीतरी घाम गाळून एक वाक्य बोलत असेल आणि त्याला हिरवी खूण दिसत असेल.

ती चिठ्ठी माझ्या ऑफिसच्या खणात आहे, तारेसकट. सहीचा रकाना कोरा आहे. सही नसेल तर नग फेकायचा नाही, असा त्यांच्या खात्याचा नियम होता. मी तो आधीच फेकला होता.